फळीतून आरपार

माझा भाऊ दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माप त्याच्याकडे येतं, आणि हा त्यावरून वरचे-खालचे दात घडवून परत पाठवतो. ज्यांच्या तोंडात त्याचं काम बसलंय, त्यांतल्या बहुतेकांना त्याने कधी पाहिलेलंही नाही. स्वभावाने गरीब, आवाज हळू. रस्त्यात कुणी धक्का दिला तर माफी हाच मागेल. चारचौघांत बसला तर खुर्ची रिकामी आहे असं समजून लोक त्याच्या मांडीवर पिशवी ठेवतील. अशा माणसाला आमचं सगळं घराणं 'आरपार' म्हणतं. त्याच्या लग्नात वहिनीच्या काकांनी मला बाजूला घेऊन, जावईबापूंचं हे नाव कागदोपत्रीसुद्धा असंच आहे का, अशी चौकशी केली होती.

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक! अहो ब्रेक!" असं ओरडणं हा माझा धंदा, त्यामुळे घरी आल्यावरही माझा आवाज खाली येत नाही. आवाजाचं जाऊ दे, स्वभावाचं काय, असं वहिनी विचारते. तर ते एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी ओरडले की कुणी दचकायला नको.

नाव पडलं ते असं. आम्ही शाळेत असताना बाबांनी एक कॉम्प्युटर घरी आणला. कुठल्या तरी ऑफिसने काढून टाकलेला. आजच्यासारखा नव्हता तो. एक जाडजूड कीबोर्ड आणि त्याच्या पोटातच बाकी सगळं. पडदा म्हणून घरचाच टीव्ही. खेळ भरायचा टेपरेकॉर्डरवरून. कॅसेट लावली की कुणाचा तरी गळा दाबल्यासारखा आवाज यायचा, आणि बऱ्याच वेळाने खेळ सुरू व्हायचा, किंवा व्हायचा नाही. आमच्याकडे खेळ एकच होता. वर विटांची भिंत, खाली एक फळी, मध्ये चेंडू. फळी डावी-उजवीकडे सरकवायची, चेंडू वर टोलवायचा, विटा फोडायच्या. चेंडू फळीच्या खाली पडला की गेला.

एका सुट्टीत सगळी भावंडं जमली आणि स्पर्धा ठरली. एकेक गळत गळत शेवटी मी आणि तो असे दोघेच उरलो. मी आधी खेळले. मग तो खेळायला बसला आणि खेळता खेळता माझ्या बरोबरीला आला. बरोबरी झाली तर जो आधी खेळला तो जिंकला, असा नियम होता. नियम कुणी केला होता ते विचारू नका. तर त्याला फक्त एक वीट फोडायची होती. चेंडू सावकाश खाली येत होता, सरळ, अगदी फळीच्या मध्यावर. डोळे मिटूनसुद्धा टोलवता आला असता. आणि चेंडू पडला.

हा उठून उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडला, "फळीतून आरपार गेला!"

खोलीभर असं काही हसू पिकलं, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. आमचा मामेभाऊ, जो आता विमा विकतो आणि तेव्हाही काही ना काही विकतच असायचा, तो तर जमिनीवर लोळला. "आरपार गेला! लाकडातून! जादूचा चेंडू!" आणि त्याच संध्याकाळी जेवताना त्याने, "ए आरपार, पाणी दे इकडे," असं म्हटलं. झालं. बाबांनी आणलेला छोटासा कप मला मिळाला आणि ते नाव त्याला.

नाव चिकटलं तर चिकटलं, लोकांना याहून वाईट नावं चिकटतात. खरी गोची पुढे झाली. त्या दिवसापासून त्याच्या कुठल्याच बोलण्यावर घरात कुणाचा विश्वास बसेना. तो नुसता म्हणायचा, "मी खरं सांगतोय," की सगळे हसायला मोकळे. एकदा एका समारंभात तो आत येऊन मामेभावाला म्हणाला, "तुझी गाडी उचलून नेतायत रे." मामेभाऊ म्हणाला, "भिंतीतून आरपार नेली का?" सगळे हसले, मीही हसले. गाडी खरंच उचलून नेत होते. मामेभाऊ सहकुटुंब बसने घरी गेला, आणि तरीही त्याच्या बोलण्यात अक्षराचाही फरक पडला नाही.

कॉम्प्युटर बाबांनी पुढे कुणाला तरी देऊन टाकला, खेळाची कॅसेट तेवढी याच्या कपाटात राहिली. प्रश्न मिटला, असं मला वाटलं होतं. मग मध्ये एकदा मोबाइलवर मला तोच खेळ सापडला. त्याच विटा, तीच फळी. मी आख्खा आठवडा खेळले, चेंडू एकदाही आरपार गेला नाही. रविवारी मी त्याच्या घरी गेले आणि मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"बघ आरप्या. खेळ. हवा तेवढा खेळ. जातो का आरपार?"

त्याने मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही. "हा दातांचा फोटो आहे," तो म्हणाला. "फोटोने चावता येत नाही."

"म्हणजे?"

"मोबाइल त्या कॉम्प्युटरचं नाटक करतोय. खेळ तोच आहे, पण यंत्र ते नाही. चूक खेळात नव्हती. यंत्रात होती."

"मग आण यंत्र."

हे मी तोंडातून काढायला नको होतं. गाडी शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं, की समोरचा घाबरट असला तरी ॲक्सिलरेटर त्याच्याच पायाखाली असतो.

तसं यंत्र आता मिळत नव्हतं. कुणाकडे असलंच तर मेलेलं, आणि त्याच्या चिपा बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. मग हा पठ्ठ्या एक हिरवी पट्टी घेऊन आला, तळहाताएवढी, मधोमध एक काळी चिप. मला वाटलं हाच कॉम्प्युटर. तो म्हणाला, छे, ही कोरी आहे. या चिपमध्ये हजारो सुट्या जोडण्या असतात, आणि कुठली कुठे जोडायची ते आपण लिहून सांगायचं. सांगू तशी ती आतून जुळते. जुन्या यंत्राची एकेक चिप, एकेक तार जशीच्या तशी लिहून काढली, की ही त्या यंत्राचं नाटक करत नाही, ती ते यंत्रच होते.

"हे प्लास्टर आहे असं समज," तो म्हणाला. "माप चांगलं घेतलं तर तोच जबडा."

"आणि हे तू करणार?"

"जबडे करतोच की."

मी पोटभर हसले आणि घरी आले. पण त्याने खरंच बस्तान मांडलं. जेवणाचं टेबल गेलं. आधी एक कोपरा गेला, मग अर्धं, मग वहिनी आणि तो ओट्यापाशी उभ्याने जेवायला लागले. पाहुण्यांना चहा वॉशिंग मशीनवर मिळायचा, आणि मशीन चालू असलं तर कप धरून बसावं लागायचं. दातांच्या डॉक्टरांचा तो छोटा आरसा असतो ना, तो घेऊन हा एका मेलेल्या जुन्या यंत्राच्या पट्टीखाली डोकावायचा आणि वायरी कुठून कुठे जातात ते बघायचा. मिठाच्या डबीत एकदा इवलासा रंगीत पट्ट्यांचा तुकडा निघाला. वहिनीने तो चिमटीत धरून विचारलं, "हा खायचा की लावायचा?" याने तो तिच्या हातातून घेतला आणि "अरे, दोन दिवस शोधतोय!" म्हणून खुशीत टेबलाकडे गेला. वहिनी खमकी आहे म्हणून तो संसार टिकला. मी असते तर त्या चिपेला पहिल्याच आठवड्यात पाण्यात बुडवलं असतं.

काही महिन्यांनी फोन आला. एरवी हा फोन करत नाही, केला तर आधी श्वासच ऐकू येतात. "ये," तो म्हणाला. "चित्र आलं."

मी शिकवणीची गाडी तशीच वळवली. शेजारी शिकायला आलेल्या नर्सबाई बसल्या होत्या, त्याही आल्या. आम्ही तिघी, म्हणजे वहिनी धरून, टीव्हीसमोर उभ्या राहिलो. पडदा पांढरा होता. बाकी काही नाही.

"कुठंय चित्र?"

"हे काय. कडा बघ."

पडद्याच्या चारी बाजूंनी एक राखाडी पट्टी होती. त्या पट्टीकडे तो अशा कौतुकाने बघत होता, की आमच्यापैकी कुणाला हसताही येईना. नर्सबाई भल्या, त्या म्हणाल्या, "छान आहे कडा." तो लाजला. बाळ कुणावर गेलंय ते विचारायचं तेवढं बाकी होतं.

मग अक्षरं आली. मग जुन्या कॅसेटचा तो किंचाळणारा आवाज घरभर घुमायला लागला, आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पाण्याचा पंप जळाला म्हणून पाना घेऊन वर आले. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि खेळ सुरू झाला. तोच खेळ. मला मान्य करायला जड जातं, पण मी टीव्हीच्या आणखी जवळ सरकले. मोबाइलवर तो खेळ नुसता खेळ होता. इथे टीव्हीवर तो थोडा थरथरत होता, रंग कडेला जरा ओघळत होते, आणि मी शाळेच्या पोशाखात बसले आहे असं वाटलं. बाबा आता आतून येतील आणि बातम्या लावायला सांगतील, असंही वाटलं. मी दोन मिनिटं काहीही बोलले नाही. वहिनीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

पण चेंडू आरपार जाईना.

तो रोज खेळला. कामावरून आला की खेळायचा. पंपवाले गृहस्थ खेळले, नर्सबाई लायसन्स मिळाल्यावर पेढ्याऐवजी बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या त्या खेळूनच गेल्या. चेंडू फळीवर आपटायचा आणि शहाण्यासारखा वर जायचा. मी दर रविवारी जाऊन टाळ्या वाजवायचे. "वा! काय टणक फळी आहे! सागवानी दिसते!" तो पुढचा डाव लावायचा. त्याचं खाणं कमी झालं. एका दिवशी वहिनीने मला फोन करून झापलं. "पुढच्या रविवारी येऊ नकोस. आलीस तर हसू नकोस. हसलीस तर मी तुला जिन्यावरून ढकलीन."

"त्याने आता सोडून द्यावं ना मग."

"कसं सोडणार? ग्रुपवर लिहून बसलाय."

मी बघितलं. आमच्या घराण्याच्या ग्रुपवर, जिथे लोक सकाळी फुलांची चित्रं टाकतात, तिथे याने लिहिलं होतं: आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ते यंत्र सगळ्यांसमोर चालू करणार आहे. चेंडू आरपार गेला नाही, तर मी सगळ्यांदेखत कबूल करीन की मी तेव्हा खोटं बोललो होतो. खाली मामेभावाने टाळ्यांची एक अख्खी ओळ टाकली होती.

"अरे पण तू खोटं बोलला नव्हतास," फोन चालू ठेवूनच वहिनी त्याला म्हणाली. "मग खोटं बोललो, असं खोटं कशाला बोलायचं?"

"इतकी वर्षं एकटाच खरं म्हणतोय," तो म्हणाला. "आता मलाच वाटायला लागलंय, की आपल्याला तसं दिसलंच नसेल."

हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा बरं वाटेनासं झालं. तो हरावा असं मला वाटत होतं, त्यात काही लपवण्यासारखं नाही. पण त्याने स्वतःच्याच डोळ्यांवर पाणी सोडावं, एवढं मला नको होतं.

वाढदिवसासाठी त्याने आईची नवी कवळीही केली होती. जुनी सैल झाली होती, हसताना खाली घसरायची आणि आई ती जिभेने परत वर लावायची. नवी फार सुरेख झाली होती, दात एका ओळीत, मोत्यांसारखे. एका रविवारी दुपारी आईला घरी बोलावून त्याने ती तिला घालून दिली. मी वहिनीच्या भीतीने गप्प बसले होते. आईने आरशात बघितलं.

"ही कोण बाई?"

"आई, तूच."

"मी नव्हे. ही बातम्या देणारी बाई आहे." तिने तोंड इकडून तिकडे हलवलं. "माझा वाकडा दात कुठाय?"

"तो सरळ केला. सुधारला."

"कुणी सांगितलं होतं सुधारायला? त्या दाताच्या मागे मी जीभ ठेवते. सगळा जन्म ठेवत आले. आता जीभ कुठे ठेवू, तुझ्या घरी?"

तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मग टेबलाकडे बघितलं, मग परत आईकडे, आणि एकदम उभा राहिला.

"मी त्यालाही सुधारून ठेवलंय," तो म्हणाला.

"कुणाला?" आई म्हणाली. "बाबांना?"

त्याने आम्हाला समजावून सांगितलं, आणि मी आता जमेल तसं सांगते. जुन्या यंत्रात आठवण ठेवायची जागा एकच होती, आणि ती वापरणारे दोघे. एक चिप हिशोब करायची, दुसरी पडद्यावर चित्र काढायची. एका न्हाणीघरावर दोन बिऱ्हाडं असावीत तसं ते होतं. दोघे एकदम दाराशी आले की धक्काबुक्की. नव्या चिपेत जागाच जागा होती, म्हणून याने माणुसकीने दोघांना वेगवेगळी न्हाणीघरं बांधून दिली. पडद्यावर मधूनच पांढरे ठिपके उडायचे, ते त्यामुळे गेले, चित्र स्वच्छ झालं, आणि याला वाटलं, वा, छान झालं.

"पण चेंडूखाली फळी आहे की नाही, हे खेळ त्याच जागेत डोकावून बघतो," तो म्हणाला. "आणि नेमकं त्याच क्षणी चित्रवाली चिप आत असेल, तर त्याला भलतंच काहीतरी दिसतं. फळी दिसतच नाही. दिसत नाही म्हणजे नाही."

"म्हणजे आरपार," वहिनी म्हणाली.

"म्हणजे जाऊ शकतो. जाईलच असं नाही. मी काही भोक पाडणार नाहीये. मी फक्त माझी सुधारणा काढून टाकणार."

आईने तोपर्यंत नवी कवळी काढून त्याच्या हातात ठेवली होती. "आधी माझी काढ," ती बोळक्या तोंडाने म्हणाली.

त्याने दोन्ही कामं केली. आईला तिचा वाकडा दात मिळाला, आणि यंत्राला त्याचं भांडण. पडद्यावर ठिपके परत उडायला लागले. आणि मग त्याने मला बोलावलं, कारण सर्वांत चांगलं मी खेळते. हे त्याचे शब्द आहेत, माझे नाहीत, पण बरोबर आहेत.

"मी खेळलो आणि गेला, तर मलाच शंका येईल," तो म्हणाला. "तू खेळ. तुला तो जायला नकोय."

मी मांडी ठोकून बसले. सगळी दुपार खेळले. चहा झाला, वहिनी बाजारात जाऊन आली. मी भिंतीमागून भिंत पाडत होते आणि तोंडाने त्याला टोमणे मारत होते. आणि मग एक चेंडू आला. सरळ, फळीच्या मध्यावर. मी हात हलवलासुद्धा नाही, हलवायची गरजच नव्हती. एक ठिपका उडाला आणि चेंडू फळीतून खाली गेला. कडेने नाही की घसरून नाही. मधून.

मी पडद्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघत होता.

"पाहिलंस?" तो हळूच म्हणाला.

"पाहिलं," मी म्हणाले. "आणि मी मेले तरी कुणाला सांगणार नाही."

"नको सांगूस," तो म्हणाला. इतका आनंदात होता, की त्याने मला केकसुद्धा दिला, वाढदिवसासाठी नमुना म्हणून आणलेला. "वाढदिवसाला सगळे आपल्या डोळ्यांनीच बघतील."

वाढदिवसाला सगळे आले. वहिनीने टेबल धुऊनपुसून परत मिळवलं होतं आणि त्यावर केक होता. यंत्र टीव्हीखाली. मामेभाऊ आल्या आल्या म्हणाला, "चला, कबुलीजबाब ऐकायला पुढची खुर्ची," आणि पुढची खुर्ची घेऊन बसला. आईने केक कापला, वाकड्या दाताने मनसोक्त हसली, आणि खेळ सुरू झाला. पाळीपाळीने सगळे खेळले. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि गंमत म्हणजे कुठल्या बाजूने टांगला होता ते माझं मलाच कळत नव्हतं. शेवटी मामेभाऊ खेळायला बसला. त्याच्याच फळीतून, सगळ्यांदेखत, चेंडू आरपार गेला.

भाऊ उभा राहिला. ओरडला नाही, नुसता उभा राहिला, हात मागे बांधून, शाळेत निकाल ऐकताना उभा राहायचा तसा.

मामेभावाने मान वळवली. विमा विकणाऱ्या माणसाचं डोकं ते. "एक मिनिट. हे यंत्र कुणी बनवलं?"

"मी," भाऊ म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

"एकेक तार?"

"एकेक तार."

"मग हे भोक कुणी पाडलं?"

जे हसू पिकलं ते पहिल्यापेक्षा मोठं होतं, कारण मधल्या काळात घराणं वाढलेलं. भाऊ समजावून सांगायला लागला. न्हाणीघर म्हणाला, दोन बिऱ्हाडं म्हणाला, सुधारणा काढली म्हणाला. 'न्हाणीघर' ऐकून लोक आणखीच हसले. तो मध्येच थांबला. यंत्र त्यानेच केलेलं, तेव्हा चेंडू अडला असता तर तो खोटारडा, आणि गेला तर लबाड. जे करायला त्याने इतका जीव आटवला, त्यानेच त्याचं तोंड बंद केलं होतं. त्याने खाली बघितलं आणि तो म्हणाला, "मी खरं सांगतोय." सवयीने म्हणाला. कुणी ऐकावं अशी त्याची अपेक्षाच नव्हती.

मला त्याचा इतका राग आला. आणि त्या सगळ्यांचा. आणि हो, मला रडू येत होतं, पण मी रडताना ओरडते.

"गप्प बसा सगळे!" मी ओरडले. पुढच्या खुर्चीतला मामेभाऊ ब्रेक लागल्यासारखा पुढे झुकला. "दादा खरं बोलतोय!"

मी काय बोलले त्यापेक्षा मी त्याला काय म्हणाले, यानेच सगळे चूप झाले. आई माझ्याकडे बघायला लागली. वहिनीने हातातली बशी खाली ठेवली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने माझ्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

"मी खेळले होते," मी म्हणाले. "त्याने काहीही घातलेलं नाही. त्याने काढलं फक्त. माझ्याही फळीतून गेला, आणि गेलेला मला नको होता. आता मी त्याच्या बाजूने बोलतेय. मी! आणखी काय पुरावा पाहिजे?"

कुणालाच आणखी पुरावा नको होता. मामेभाऊसुद्धा म्हणाला, "ही कबूल करतेय म्हणजे खरंच असणार." मग एकेक जण उठला, दादाच्या पाठीवर थाप मारून आला. एका काकूने त्याला विचारलं, की तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही, तुझं मत सांग. त्याचा शब्द एकदम खरा झाला होता. तो बावरून गेला. माझ्याकडे बघून हसत होता, डोळे भरलेले, नाक लाल.

पण मामेभाऊ स्वस्थ बसेल तर ना. हिशोब त्याच्या रक्तातच आहे. "म्हणजे तेव्हाही चेंडू खरंच आरपार गेला होता," तो बोटावर मोजत म्हणाला, "म्हणजे तो बाद नव्हता, म्हणजे..." आणि त्याचं बोट माझ्याकडे वळलं. "म्हणजे तू जिंकलीच नाहीस."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ती एकच वीट दिसत होती, वरच्या कोपऱ्यातली, आणि तो सावकाश येणारा चेंडू. मी तोंड उघडलं.

"छे छे," दादा म्हणाला. "काहीतरीच काय. मला अजून आख्खी ओळ फोडायची होती. मला कुठली जमतेय? तो चेंडू अडला असता तरी तीच जिंकली असती."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने बघितलं नाही, तो केकचा तुकडा कापण्यात गुंतला होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. आणि सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या, कारण हा माणूस कधी खोटं बोलत नाही, हे त्यांना आत्ताच पटलं होतं.